घराचा विसार

विम्याच्या रकमेवरून एका घरात माजलेला कलह, एवढेच ज्याचे संविधानक, ते नाटक वर्णभेदाविषयीच्या थोर नाटकांत गणले जावे, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस कोड्यासारखी वाटत असे. लॉरेन हॅन्सबेरी या २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर नाट्यगृहात रंगभूमीवर आले. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक लागण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याचे दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हेही कृष्णवर्णीयच होते. प्रयोग ५३० झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांनी त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नाटक म्हणून त्याचा गौरव केला. वर्णभेद म्हटला म्हणजे चाबूक, जाळपोळ, झाडाला टांगलेले प्रेत अशी चित्रे वाचकाच्या मनःचक्षूंपुढे उभी राहतात; परंतु पडदा वर गेल्यावर येथे दिसते ते शिकागोच्या दक्षिण भागातील एक काटकसरीचे बिऱ्हाड, ज्याचे न्हाणीघर शेजाऱ्यांशी सामायिक असल्यामुळे रोज सकाळी आधी कोणी जावयाचे यावरून धांदल उडते, ज्यातील शाळकरी नातू बाहेरच्या खोलीत कोचावर निजतो, आणि ज्याच्या खिडकीशी घरातील वृद्ध आईने अपुऱ्या उन्हात एक रोपटे मोठ्या निगुतीने जगविलेले आहे.

या यंगर कुटुंबाचा कर्ता पुरुष निवर्तला असून त्याच्या मृत्यूपोटी विमा कंपनीकडून १०,००० डॉलर यावयाचे आहेत. लीना ही विधवा आई. वॉल्टर ली हा गोऱ्या मालकाची मोटार हाकणारा व भागीदारीत दारूचे दुकान काढण्याची स्वप्ने पाहणारा मुलगा. बनीथा ही डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलगी. आणि रूथ ही परक्यांच्या घरी राबून थकलेली, पुन्हा दिवस गेल्यामुळे धास्तावलेली सून. या चौघांची दृष्टी त्या एका टपालाकडे लागलेली असते. आई ३,५०० डॉलरांचा विसार देऊन क्लायबर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते आणि उरलेले ६,५०० मुलाच्या स्वाधीन करते; त्यांतून ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेव, असे बजावते. मुलगा सगळीच रक्कम एका भागीदाराच्या हाती देतो आणि भागीदार परागंदा होतो. या सर्व उलथापालथीत गोरा मनुष्य म्हणून एकच पात्र येते: नव्या वस्तीच्या सुधारणा मंडळाचा प्रतिनिधी कार्ल लिंडनर. तो शिवी देत नाही, धमकावीत नाही. टोपी हाती धरून, अडखळत, अदबीने एवढेच सुचवितो की आपण येथे राहावयास येऊ नये हे उभयपक्षी हिताचे, आणि त्याबद्दल मंडळ घराच्या किमतीहून अधिक मोबदला देण्यास तयार आहे. त्याला नाटकात दोनच प्रवेश आहेत.

हॅन्सबेरीबाईंना दंगा ठाऊक नव्हता, असे नव्हे. त्यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली शिकागोच्या ऱ्होड्स अॅव्हेन्यूवर घर घेतले, तेव्हा त्या भागातील घरमालकांनी कृष्णवर्णीयांस घर विकू वा भाड्याने देऊ नये असा करार आपसांत करून तो रीतसर नोंदवून ठेविलेला होता. घरासमोर जमाव जमला. खिडकीतून आलेला विटेचा तुकडा सात वर्षांच्या लॉरेनच्या अगदी जवळून गेला. वडील फिर्यादीच्या कामासाठी बाहेर असत, तेव्हा आई रात्र रात्र भरलेले पिस्तूल घेऊन घरात जागी राहत असे. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९४० मध्ये निकाल हॅन्सबेरी यांच्या बाजूने लागला. पण तोही अशा तांत्रिक मुद्द्यावर की मूळ करार न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नाला न्यायमूर्तींनी हातच लावला नाही. असले करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत असे ठरावयास १९४८ साल उजाडावे लागले, आणि तोवर निराश झालेले वडील मेक्सिकोत मरण पावले होते. असा ऐवज ज्या लेखिकेच्या पदरी होता, तिने नाटक लिहिताना वीट, जमाव, पिस्तूल आणि न्यायालय या चारही गोष्टी रंगमंचाबाहेर ठेवल्या आणि स्वयंपाकघर तेवढे आत घेतले. माझ्या मते तिच्या प्रतिभेची साक्ष याच एका निर्णयात आहे.

हे नाटक मी नगरच्या मुलांना शिकवीत असे. आमच्या जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात. वर्गात जी मुले येत ती मात्र पाथर्डी, पारनेर, जामखेड, अकोले अशी तालुक्यांनीच स्वतःची ओळख सांगत. या शहराचा आणि अमेरिकेचा संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे येथे १८३१ साली पडले. ज्या देशात माणसांची खरेदी-विक्री तेव्हा बिनदिक्कत चालू होती, त्या देशातून आलेले पाद्री येथे सर्व जातींनी एका पंक्तीस बसावे म्हणून उपदेश करू लागले, हा दैवदुर्विलास कोणाही इतिहासप्रेमी माणसाच्या ध्यानात यावा. पण इतिहास अशा विसंगतीतूनही पुढे सरकतो. याच मिशनच्या मिस फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात पुण्यास तशी शाळा काढण्याचे आले, आणि पुढे १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली, ती निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली. एवढा इतिहास सांगून मी नाटकाकडे वळलो, की मुलांना प्रस्तावनेची गरज उरत नसे. लिंडनर कोण, असे विचारताच मागच्या बाकावरून एका मुलीने उत्तर दिले, "सर, हा आमच्या सोसायटीचा चेअरमन." वर्ग हसला, मीही हसलो. आईने पैसे मुलाच्या हाती दिलेच का, यावर मात्र तास संपला तरी वाद मिटत नसे, कारण उसाचे बिल आले की घरात काय घडते आणि खातेफोडीच्या दरख्वास्तीवर सही करताना भावाभावांची तोंडे कशी होतात, हे त्या मुलांनी स्वतः पाहिलेले होते.

मला ते नाटक खऱ्या अर्थाने उमगले ते मात्र वर्गात नव्हे. माझे एक सहकारी होते, आता ते हयात नाहीत. येसकरकी केलेल्या बापाचा हा मुलगा वसतिगृहांतून शिकत प्राध्यापक झाला होता. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून त्यांनी शहराच्या कडेला नव्याने पडलेल्या प्लॉटांपैकी एकाचा विसार दिला आणि खरेदीखताचा मसुदा वाचून पाहण्यासाठी, दस्तऐवजाची भाषा मला जरा कळते म्हणून, एका रविवारी मला घरी बोलावले. मसुदा अर्धाही वाचून झाला नसेल, तोच शेजारच्या प्लॉटांचे धनी असलेले दोन वयस्क गृहस्थ आले. चहा झाला. बाबासाहेबांच्या विद्वत्तेची स्तुती झाली. मग त्यांतील एक जण घसा साफ करून म्हणाला, "सर, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्याविषयी आमच्या मनात काडीचा किंतु नाही. पण बायकामाणसांचे सणवार असतात, सोवळे असते. उद्या तुमच्याच घरच्यांना इथे परक्यासारखे वाटेल. तुमचा विसार आम्ही देतो, आणि वर तुम्ही म्हणाल ते देतो." इतके बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि "तुम्ही तरी यांना समजावून सांगा," असे म्हणाले, माझे आडनाव त्यांनी येतानाच विचारून घेतलेले होते. मी मसुद्याचा कागद उलटून दुसरे पान वाचू लागलो. सहकाऱ्यांनी मंडळींना दारापर्यंत पोहोचविले आणि विचार करून सांगतो, असे म्हटले.

खरे नाट्य त्यानंतर सुरू झाले. मी उठू लागलो, तर त्यांनी मला बसविले. कदाचित परका मनुष्य समोर असेल तर शब्द जपून वापरले जातील, असा त्यांचा होरा असावा. तो फोल ठरला. आतून त्यांचे वडील आले आणि खाली बसत म्हणाले, "घे पैसे. जिथं सकाळी आपलं तोंड दिसलं म्हणून लोक दिवस वाईट गेला म्हणणार, तिथं भिंती बांधून काय मिळवशील? बहिणीचं उरकून टाक." धाकटा भाऊ दुसऱ्याची जीप चालवीत असे, तो उसळून म्हणाला की दादा शिकला म्हणून दादाला प्लॉट, आणि आम्ही नापास झालो म्हणून आम्हाला काय, दादाचे जुने शर्ट? सहकारी आवाज चढवून असे काहीसे बोलले की जे एरवी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. बापाच्या येसकरकीचा, कमरेत वाकण्याच्या सवयीचा त्यात उल्लेख होता, आणि तो शब्द सुटताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या वेळी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या असलेल्या सुनेने सासऱ्याकडे न पाहता म्हटले, "मामा, पैसा दोन महिन्यांत सरंल. जागा सरायची नाही."

खरेदीखत पुढे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत रीतसर नोंदले गेले आणि घरही उभे राहिले. पण वडील त्या घरात फार राहिले नाहीत, वारंवार गावीच जात, आणि धाकट्याने भावाशी बोलणे टाकले ते टाकलेच. त्या दोन गृहस्थांनी कोणाचा यत्किंचितही अपमान केला नव्हता, चहादेखील पूर्ण प्यायले होते. त्यांनी भिंतीवर दगड मारला नाही. केवळ एक रक्कम उच्चारली आणि ते निघून गेले, आणि ती रक्कम त्या घरातील प्रत्येकाच्या जुन्या जखमेवर नेमकी जाऊन बसली. बहिष्काराचा मारा बाहेरून होतो आणि कुटुंब आतून एक होऊन त्यास तोंड देते, अशी एक सोयीची समजूत आपल्या कथा-नाटकांनी करून दिलेली आहे. वस्तुतः बहिष्काराची तडजोड ही नेहमी पैशाच्या, मानाच्या, लग्नाच्या रूपाने घरात शिरते, आणि तिला होय म्हणणारे माणूसही त्याच घरातले, पुष्कळदा अधिक सोसलेले, आणि म्हणूनच अधिक शहाणे असते. वॉल्टर लीने सर्वस्व गमाविल्यावर लिंडनरला दूरध्वनी करून पुन्हा बोलावले, त्याच्यापुढे गुडघे टेकून पैसे कसे मागावयाचे याची आई-बहिणीसमोर नक्कल केली, आणि शेवटी पोटच्या मुलाला शेजारी उभे करून, मोडक्या शब्दांत का होईना, आम्ही त्या घरात राहावयास येणार असे सांगितले. हा प्रसंग मी अनेक वर्षे मुलांना समजावून देत होतो. त्या रविवारनंतर तो मला स्वतःला समजला.

आता आपल्या रंगभूमीकडे पाहू. याच नगरच्या मातीतले नट-दिग्दर्शक सदाशिव अमरापूरकर यांनी १९८३ साली विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' दिग्दर्शित केले. समाजवादी विचारांचे नाथ देवळालीकर, त्यांची पत्नी सेवा, मुलगा जयप्रकाश आणि मुलगी ज्योती. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते, वडील त्या लग्नात आपल्या साऱ्या तत्त्वज्ञानाचे सार्थक पाहतात, आणि अरुण दारू पिऊन तिला मारहाण करू लागतो. या नाटकास पुढे १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. तथापि दलित वाचक-प्रेक्षकांनी त्यावर घेतलेला आक्षेप आजही मावळलेला नाही, आणि तेंडुलकरांनीच सन्मान स्वीकारताना सांगितले होते की याच कृतीसाठी आपल्यावर चप्पलही भिरकावली गेली. अरुण हिंस्र दाखविला म्हणून नाटक दोषी, असे मात्र मला वाटत नाही. वॉल्टर लीही पितो, बायकोला टाकून बोलतो, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे बुडवितो. पीडित मनुष्य सद्गुणांचा पुतळाच असला पाहिजे, हा हट्ट साहित्याला परवडत नाही. माझी तक्रार नेपथ्याविषयी आहे. 'कन्यादान' घडते ते सारे देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. अरुणची आई, त्याचा बाप, मेलेली जनावरे ओढण्याचे ते आयुष्य, हे सर्व अरुणच्या बोलण्यात येते, रंगमंचावर येत नाही. त्या जोडप्याला राहावयास धड जागा नाही, हा कथानकातील एक दुवा आहे, पण ती नसलेली जागा आपणांस दिसत नाही. अरुणला त्याच्या आईसमोर आपण एकदाही पाहत नाही. वॉल्टर लीला लीना आहे, आणि म्हणून त्याचे पतन एका घराचे पतन होते. अरुणला कोणी नाही, आणि म्हणून त्याचे पतन एका जातीचे पतन वाटू लागते. जो लेखक इतरत्र कुटुंबाच्या आतड्यात हात घालण्यास कचरला नाही, त्याने या एका माणसाला बिनघराचे ठेवावे, यास मी त्या नाटकाचे मोठे न्यून समजतो.

ते घर मराठीत लिहिले गेलेले नव्हते, असेही नाही. 'कन्यादान'पूर्वी पाचच वर्षे, १९७८ साली, दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले होते. दगडू मारुती पवार हे नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धामणगावचे, जन्म १९३५ चा. त्या पुस्तकात मुंबईच्या नागपाड्याजवळचा कावाखाना आहे, गोदीत काम करणारा आणि दारूत बुडालेला बाप आहे, त्याच्या पश्चात पोरांना पदराखाली घेऊन जगणारी आई सखू आहे, गावचा महारवाडा आणि शिक्षणासाठीचे संगमनेर आहे. आणि ज्या संशयापायी त्या नायकाने आपल्या पहिल्या पत्नीला, सईला, दूर लोटले, त्या संशयाचा कबुलीजबाबही आहे. स्वतःच्या समाजातील काही मंडळींनी, ही घाण चव्हाट्यावर मांडलीत कशाला, म्हणून लेखकास जाब विचारला. हॅन्सबेरीबाईंच्याही वाट्यास तेच आले होते. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेण्याची धडपड ही क्रांती नव्हे, मध्यमवर्गाची हौस आहे, असे कृष्णवर्णीय बुद्धिमंतांतील जहाल म्हणत. त्यांतील कवी-नाटककार अमिरी बराका यांनी पुढे पुनर्विचार करून आपले मत जाहीरपणे बदलले. आपले घर आतून दाखविणाऱ्यावर आधी आपलेच लोक रागावतात, हा साहित्यातला जुनाच अनुभव आहे. माझा प्रश्न निराळा आहे. सखू आणि दगडू यांच्यातला कलह, आई व मुलगा, पैसा व शिक्षण, गाव व मुंबई यांतील ती ओढाताण, लीना आणि वॉल्टर यांच्या कलहाहून तिळमात्र उणी नाही. मग ती गद्यात उतरली आणि नाटकात का उतरली नाही?

कोणी म्हणेल, रंगमंच दलितांच्या हाती नव्हता. नगर जिल्ह्यापुरते तरी हे उत्तर टिकत नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाचे गाव. महार समाजातील ही पवळा हिवरगावकरीण आणि रेठरे हरणाक्षचे कुळकर्णी वतन व ब्राह्मण्य दोन्ही सोडून तमाशात आलेले श्रीधर कृष्णाजी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांच्या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी उभा महाराष्ट्र वेडा केला होता. ज्या प्रेक्षकांच्या विहिरीवर पवळाला घागर बुडविता आली नसती, ते प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजून ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांची सलगी पाहण्यास गर्दी करीत. ही सलगी हाच पुष्कळसा विकण्याचा माल होता, हे ओळखूनच डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या उत्पन्नाची देणगी नाकारली. त्या नकाराची कठोरता मला आजही खुपते, कारण त्यात पवळाच्या कलेचा हिशेब नाही. पण त्यामागची दृष्टी खोटी होती, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तमाशात गण होता, गौळण होती, बतावणी होती, राजाराणीचा वग होता. नाचणारणीचे स्वतःचे बिऱ्हाड, तिचा भाऊ, तिची आई, तिने मिळविलेल्या पैशावरून राहुटीत होणारी वाटणी, यांस त्या रचनेत जागाच नव्हती, कारण प्रेक्षक ते पाहण्यासाठी पैसे देत नव्हता. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच फड आणि तेच वाद्य घेऊन त्यात प्रबोधन भरले. पण त्यांना समाज हलवावयाचा होता, घर रंगवावयाचे नव्हते, आणि त्या काळी तेच योग्य होते. अशा रीतीने ज्यांच्या हाती फड होता त्यांच्या फडावर घर नव्हते, आणि ज्यांच्या रंगमंचावर घर होते त्या घरात हे लोक पाहुणे म्हणून येत राहिले.

याच्या विरुद्ध एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. ज्या जिल्ह्यात २०१३ च्या पहिल्याच दिवशी सोनईस मेहतर समाजातील तीन तरुणांची, एका प्रेमप्रकरणाच्या पायी, निर्घृण हत्या झाली. ज्या जिल्ह्यात २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्यास मारून झाडाला लटकविण्यात आले आणि २०१७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. तेथे स्वयंपाकघरातील भांडणाचे नाटक मागणे ही रसिकांची चैन नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलास गोऱ्या स्त्रीशी बोलल्याच्या आरोपावरून ठार मारून नदीत टाकण्यात आले. तो मुलगा शिकागोच्या दक्षिण भागातला होता, म्हणजे यंगर कुटुंब जेथे राहते तेथलाच. मारणाऱ्यांना गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडले. हॅन्सबेरीबाईंचे नाटक त्यानंतर साडेतीन वर्षांत आले, आणि त्या नाट्यगृहात बसलेल्या प्रत्येक कृष्णवर्णीय प्रेक्षकाच्या मनात ते प्रेत होते. लेखिकेला ते रंगमंचावर आणण्याची गरज भासली नाही, कारण शाळकरी नातू कोचावर निजलेला पाहताच आईला काय वाटत असेल, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. ज्यांचा खून होतो ते खुनापूर्वी कोणाचे तरी हट्टी, उधळे, लाडके, नापास मुलगे असतात. सोनई आणि खर्डा यांची आपली स्मृती फिर्याद आणि पंचनाम्यापुरती उरली आहे, याचे एक कारण असे की त्या घरातला आदला दिवस कोणी लिहिलेला नाही.

नांदेडच्या दत्ता भगतांनी नवव्या दशकात 'वाटा-पळवाटा' लिहून हा दरवाजा मराठीत खरोखरी उघडला, हे येथे सांगणे न्यायाचे होईल. बाबासाहेबांच्या पिढीतले काका, प्राध्यापक झालेला सतीश, त्याची ब्राह्मण पत्नी हेमा, आणि तापट तरुण अर्जुन, ही सर्व माणसे दलित प्राध्यापकाच्या घरात समोरासमोर येतात, आणि भोवती पुरात निराश्रित झालेल्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न पेटलेला असतो. घर त्यांचे आहे, वाद त्यांचा आहे. माझी कुरकुर इतकीच की तेथे माणसे अधिक वेळ विचारांसाठी भांडतात आणि पैशासाठी कमी. न्हाणीघराच्या रांगेवरून झालेल्या चिडचिडीतून जे कळते ते चळवळीच्या मार्गांवरील चर्चेतून कळत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. लेकराने पत्ता सांगताना मान खाली घालू नये, हे शासनास उशिरा का होईना कळले. पण पाट्या बदलल्या म्हणून वेस हलली नाही, आणि शहरात तर पाटी कधी नव्हतीच. तेथे भाडेकरूला आडनाव विचारतात आणि "मुलाला विचारून कळवितो" असे सांगतात. लिंडनरच्या मंडळाचे नावही सुधारणा मंडळ असेच होते.

नगरला एकांकिका लिहिणाऱ्या मुलामुलींची उणीव नाही. प्राध्यापक मधुकर तोरडमलांनी येथल्या महाविद्यालयात असताना नाटकाचा नाद लावला तो पुढच्या पिढ्यांत टिकला आहे, आणि स्पर्धांच्या दिवसांत या गावच्या चहाच्या टपऱ्यांवरदेखील प्रकाशयोजनेची चर्चा चालते. त्यांतील ज्या कोणाच्या घरी प्लॉटच्या विसारावरून, बहिणीच्या फीवरून, भावाच्या जीपवरून असे भांडण झाले असेल, त्याने ते लिहावे; आईला मोठी भूमिका द्यावी, भावाला त्याची बाजू पूर्ण मांडू द्यावी, दिवाणखान्याऐवजी स्वयंपाकघर उभारावे, आणि सोसायटीच्या चेअरमनला दोनच प्रवेश द्यावेत, तेही चहा पिण्यापुरते.